एक ‘गोड’ चूक

मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची सई साताऱ्याला आजोळी आली. वय वर्षं सात. आल्या आल्या तिनं आजीकडून एक पोस्टकार्ड मिळवलं आणि मैत्रिणीला पत्र लिहायला बसली. तेही इंग्रजीत! मी मागून हळूच डोकावलो. पहिलंच वाक्य होतं, ‘आय गोड टु सातारा.’

“सई, हे गोड काय आहे? कंदी पेढे खाल्लेस वाटतं?”

सईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच दुसरीत आहे.

“मामा, तुला एवढं पण येत नाही? वॉक – वॉक्ड. प्ले – प्लेड. जंप – जंप्ड. म्हणून गो – गोड!”

“अगं, पण गोचा भूतकाळ ‘वेंट’ होतो.”

“का?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ‘असतो तसा, पाठ कर’ हे उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. पण खरंच, का? ‘गो’ आणि ‘वेंट’ शेजारी शेजारी ठेवून बघा. एक तरी अक्षर सारखं आहे का? ‘गो’ला ‘ड’ जोडायचं सोडून हे ‘वेंट’ मधेच कुठून टपकलं?

तेवढ्यात सईचा धाकटा भाऊ ओम ठोकळ्यांचा मनोरा दाखवायला आला. वय वर्षं तीन.

“आजी, बघ! मी करला!”

“करला नाही रे राजा, केला,” आजी म्हणाली.

ओमनं मान डोलावली आणि दुसरा मनोरा ‘करायला’ निघून गेला. सईला तेवढंच निमित्त पुरलं. “बघ मामा! सगळ्या मोठ्या माणसांनी मिळून भाषा वाकडी करून ठेवलीय.”

“बरं, मग मराठीत ‘जा’चा भूतकाळ काय होतो, सांग.”

“गेला.”

“मग ‘जा’मधला ‘ज’ कुठे गेला?”

सई गप्प. आजी गप्प. खरं सांगायचं तर मीही गप्पच. त्या संध्याकाळी मी कपाटातली जाडजूड पुस्तकं काढली आणि आम्ही तिघं ‘ज’च्या आणि ‘गो’च्या शोधाला निघालो. चला, तुम्हीही या.

उसना सदरा

हजार वर्षांपूर्वीचं इंग्रजी आजच्या इंग्रजांनासुद्धा कळत नाही, इतकं वेगळं होतं. त्या जुन्या इंग्रजीत ‘जाणे’साठी ‘गान’ असा शब्द होता. आपलं गाणं नव्हे हं, गान म्हणजे जाणे! त्याचाच पुढे ‘गो’ झाला. शेजारच्या जर्मन भाषेत त्याचे भाऊबंद आजही आहेत. तिथे जाणे म्हणजे ‘गेहेन’. डच भाषेत ‘खान’. लिहिताना मात्र तेही ‘ग’चंच अक्षर लिहितात.

मग त्या काळी ‘गेला’ला काय म्हणायचे? ‘गोड’ही नाही आणि ‘वेंट’ही नाही. म्हणायचे ‘एओदे’! आणि पुढच्या दोनतीनशे वर्षांत लोकांच्या तोंडी त्याचं झालं ‘येड’. हसू नका. खरंच तसं म्हणायचे.

“म्हणजे पहिल्यापासूनच येडेपणा होता,” सई म्हणाली.

आता दुसरं एक क्रियापद बघा, ‘वेंड’. याचा मूळ अर्थ वळणं. रस्ता वळतो, वाट वळते, माणूस वळत वळत पुढे जातो, तसं. नागमोडी रस्त्याला इंग्रजीत ‘वाइंडिंग रोड’ म्हणतात, त्यातलं ‘वाइंड’ आणि भटकणं या अर्थाचं ‘वाँडर’ हे याच घरातले शब्द. वळत वळत पुढे जाणं म्हणजे जाणंच की! त्यामुळे लोक ‘जाणे’ या अर्थानंही ‘वेंड’ वापरायला लागले.

या ‘वेंड’चा भूतकाळ काय असेल? सईला मी काही जोड्या दिल्या. सेंड – सेंट. बेंड – बेंट. लेंड – लेंट. स्पेंड – स्पेंट. मग वेंड?

“वेंट!” सई ओरडली. “अरे, हा तर दुसऱ्याचाच आहे!”

अगदी बरोबर. ‘वेंट’ हा ‘गो’चा भूतकाळ कधी नव्हताच. तो ‘वेंड’चा होता. पंधराव्या शतकाच्या सुमाराला दक्षिण इंग्लंडमधल्या लोकांनी ‘येड’ टाकून दिलं आणि ‘गो’च्या अंगावर ‘वेंड’चा सदरा चढवला. तो असा काही चपखल बसला की पाचशे वर्षं झाली, तरी ‘गो’नं तो परत केलेला नाही.

“मग बिचाऱ्या ‘वेंड’नं काय घातलं?”

त्यानं नवा सदरा शिवून घेतला, ‘वेंडेड’. पण आता तो फारसा घराबाहेर पडत नाही. ‘वाट काढत जाणे’ अशा एखाद्या वाक्प्रचारात तेवढा दिसतो.

आणि सईसाठी एक खूशखबर. उत्तरेला स्कॉटलंडमध्ये लोकांनी ही उसनवारी केलीच नाही. तिथल्या स्कॉट्स भाषेत ‘गो’ला ‘गे’ म्हणतात आणि त्याचा भूतकाळ होतो ‘गेड’. म्हणजे सरळ ‘ड’ जोडला आणि काम झालं.

“म्हणजे मी स्कॉटलंडला असते तर...”

“तर तुझं पोस्टकार्ड जवळजवळ बरोबर ठरलं असतं.”

‘जा’चा ‘ज’ कुठे गेला?

आता आपल्या घरात बघू. मराठीचं मूळ संस्कृतात, आणि मधे प्राकृत भाषांचा मोठा काळ. संस्कृतात ‘जाणे’साठी एक नाही, अनेक धातू आहेत. त्यातले दोन आपल्या कामाचे. पहिला ‘या’, म्हणजे याति, जातो. दुसरा ‘गम्’, म्हणजे गच्छति, तोही जातो. संस्कृतात दोघं आपापल्या संसारात सुखी होते.

मग प्राकृतात एक गंमत झाली. शब्दाच्या सुरुवातीला ‘य’ आला की लोक त्याचा ‘ज’ करायला लागले. योगीचा झाला जोगी. युगाचं झालं जुग. यात्रेची झाली जत्रा. आणि ‘या’चा झाला ‘जा’!

म्हणजे बघा, ‘जत्रा’ आणि ‘जातो’ हे सख्खे नातेवाईक आहेत. ‘आम्ही जत्रेला जातो’ असं म्हणताना आपण एकच मूळ दोनदा उच्चारतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

पण भूतकाळाची वेळ आली, तेव्हा मराठीनं ‘या’ला बाजूला सारलं आणि ‘गम्’ला बोलावलं. ‘गम्’पासून ‘गत’, म्हणजे गेलेला. बोलता बोलता ‘गत’मधला ‘त’ झिजून नाहीसा झाला, मागे आपला भूतकाळाचा ‘ल’ येऊन चिकटला आणि तयार झाला ‘गेला’. म्हणजे ‘जातो’ एका घरचा, ‘गेला’ दुसऱ्या घरचा. इंग्रजी ‘गो – वेंट’मध्ये झालं, तेच इकडे ‘जा – गेला’मध्ये झालं. दोन्ही भाषांनी एकमेकींचं पाहून केलं नाही. दोघींनी आपापल्या घरी बसून तीच उसनवारी केली.

फ्रेंच तर आणखी पुढे. ‘मी जातो’ला ते म्हणतात ‘झ व्हे’, ‘आम्ही जातो’ला ‘नू झालों’ आणि ‘मी जाईन’ला ‘झिरे’. एकाच क्रियापदात तीन वेगवेगळ्या घरचे पाहुणे! आणि स्पॅनिशमध्ये ‘फुई’ म्हणजे ‘मी गेलो’, शिवाय ‘फुई’ म्हणजेच ‘मी होतो’. कुठला अर्थ घ्यायचा ते पुढचामागचा संदर्भ बघून ठरवायचं.

अशा उसनवारीला भाषाशास्त्रज्ञ ‘सप्लीशन’ म्हणतात. ज्या लॅटिन शब्दापासून ‘सप्लाय’ आला त्यापासूनच हाही. एका शब्दाची रिकामी जागा दुसऱ्यानं भरून काढायची, इतकाच त्याचा अर्थ. एकदा हे कळलं की ते जिकडेतिकडे दिसायला लागतं. पाचचा पाचवा, सातचा सातवा, दहाचा दहावा. मग एकचा? ‘एकवा’ म्हणून बघा शाळेत! एकच्या जागी ‘पहिला’ कुठूनसा येऊन बसलाय. आणि इंग्रजीतही ‘वन’च्या पुढे ‘फर्स्ट’च.

परीकथावाल्या आजोबांचा नियम

एवढं झाल्यावर सई म्हणाली, “मामा, मला कळलं! इंग्रजीतला ‘गो’ आणि आपला ‘गम्’ एकच. दोघांत ‘ग’ आहे आणि दोघांचा अर्थ जाणे.”

किती छान अंदाज! पण चुकीचा. आणि तो चुकीचा का, हे ज्यांच्यामुळे कळलं ते तुमच्या ओळखीचे आहेत. हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट कुणी लिहून काढली? ग्रिम बंधूंनी. जर्मनीतले याकोब आणि विल्हेल्म. त्यातले थोरले, याकोब ग्रिम, भाषेचे मोठे अभ्यासक होते. परीकथांच्या संग्रहाचा पहिला भाग १८१२ मध्ये निघाला आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १८२२ मध्ये, त्यांनी आवाजांचा एक नियम मांडला.

संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी, जर्मन या सगळ्या एकाच फार प्राचीन पणजीच्या नाती-पणती आहेत. त्या कुटुंबाला इंडो-युरोपीय कुळ म्हणतात. पणजीचं बोलणं कुणी लिहून ठेवलेलं नाही, कारण तेव्हा तिच्या माणसांना लिहिता येत नव्हतं. पण नातींचे चेहरे शेजारी ठेवले की पणजीचं नाक कसं होतं ते कळतं. ग्रिम यांनी दाखवलं की इंग्रजी-जर्मनच्या शाखेत काही आवाज एकदम, ठरवून दिल्यासारखे बदलले. ‘प’ होता तिथे ‘फ’ आला. ‘द’ होता तिथे ‘ट’ आला. ‘ग’ होता तिथे ‘क’ आला.

तपासून बघू या. संस्कृत पितृ, इंग्रजी फादर. ‘प’चा ‘फ’ झाला. संस्कृत दन्त, आपला दात, इंग्रजी टूथ. दश, आपले दहा, इंग्रजी टेन. ‘द’चा ‘ट’ झाला. आणि पाद, म्हणजे आपला पाय? ‘प’चा ‘फ’ करा, ‘द’चा ‘ट’ करा. झाला की नाही ‘फूट’! आता ‘ग’ बघा. संस्कृतात ‘गो’ म्हणजे गाय. गोठा, गोमूत्र, गोरस यांतला ‘गो’ तोच. त्याच्या ‘ग’चा ‘क’ केला की इंग्रजीत काय येईल?

“काऊ!”

शाब्बास. मग ‘गम्’च्या ‘ग’चा ‘क’ केला तर?

सई पुटपुटली, “कम्... कम... मामा! कम म्हणजे तर ये!”

हो. आपल्या ‘गेला’चा खरा इंग्रजी चुलतभाऊ ‘गो’ नाहीच. तो आहे ‘कम’! एकाच पणजीची ही लेकरं. एक इकडे येऊन ‘जाणे’ झाला, दुसरा तिकडे जाऊन ‘येणे’ झाला.

“असं उलटं कसं होईल?” आजीला हे काही पटेना.

“आजी, तुला संस्कृत होतं ना शाळेत? गच्छति म्हणजे जातो. मग आगच्छति म्हणजे?”

“येतो,” आजी म्हणाली आणि हसायलाच लागली.

धातू एकच, पुढे ‘आ’ लावला की दिशा फिरली. मुळात अर्थ असावा नुसता पाऊल टाकणं. कुठल्या दिशेनं, ते नंतर ठरलं. आणि ऐका, आपला ‘आला’ कुठून आला? ‘आगत’पासून. स्वागत, आगत-स्वागत म्हणतो त्यातलाच आगत. म्हणजे ‘गेला’ गतपासून आणि ‘आला’ आगतपासून. दोघांच्या पोटात एकच ‘गम्’ लपून बसलाय!

राहिला इंग्रजी ‘गो’. त्यातला ‘ग’ आला कुठून? इंग्रजीतल्या अशा काही ‘ग’समोर संस्कृतात ‘ह’ दिसतो. म्हणून तिकडचा ‘गूस’ आणि आपला ‘हंस’ भाऊ भाऊ आहेत. ‘गो’चं नातं बरेच अभ्यासक संस्कृतातल्या ‘हा’ या धातूशी जोडतात. जहाति म्हणजे सोडून जातो. बलहीन, बुद्धिहीन यांतला ‘हीन’ त्याच धातूतला. ज्याला सोडून काहीतरी निघून गेलं, तो हीन!

तेव्हा लक्षात ठेवा, दोन शब्द सारखे दिसले म्हणजे नातेवाईक असतातच असं नाही. आणि मुळीच सारखे न दिसणारे सख्खे निघू शकतात.

कुठेही न जाता जाणं

आतापर्यंत रूपं पाहिली. आता ‘गो’ करतो काय, ते पाहू. तुम्ही म्हणाल, जातो, आणखी काय करणार? छे! तो नुसता जाऊन थांबत नाही.

दूध नासलं तर इंग्रजीत ते ‘गोज ऑफ’ होतं. घड्याळाचा गजर वाजायला लागला तर तोही ‘गोज ऑफ’. आणि दिवे विझले तर तेही ‘गो ऑफ’. म्हणजे गजर सुरू झाला तरी तेच शब्द, दिवा बंद झाला तरी तेच. रागानं माणूस लाल झाला तर तो ‘गोज रेड’. लहान मुलांच्या पुस्तकात गाय ‘गोज मू’, म्हणजे हंबरते. सापशिडी खेळताना ‘इट्स माय गो’ म्हटलं तर ‘आता माझी पाळी’. जायचं नाव नाही, यायचंही नाव नाही, फासा टाकायचा फक्त.

सगळ्यात मोठी जादू म्हणजे ‘गोइंग टु’. आभाळ भरून आलं की इंग्रज म्हणतो, ‘इट इज गोइंग टु रेन’. पाऊस पडणार आहे. आता यात जातंय कोण?

याची गोष्ट अशी. समजा, एक बाई कपडे घेऊन नदीवर निघालीय. तिला विचारलं, “काय गं, कुठे?” ती म्हणेल, “धुवायला चाललेय.” ती खरोखर चालत जातेय. पण ऐकणाऱ्याला आणखी एक गोष्ट कळते. धुणं अजून व्हायचंय, थोड्या वेळानं होणार आहे. असं शेकडो वर्षं बोलता बोलता इंग्रजीत ‘गोइंग टु’मधलं चालणं पुसट झालं आणि ‘पुढे होणार’ एवढंच उरलं. पाय गळून पडले, काळ राहिला! आता माणूस खुर्चीतून न हलता ‘आय अॅम गोइंग टु स्लीप’ म्हणू शकतो.

याचा पुरावाही आहे. घाईघाईत बोलताना ‘गोइंग टु’चं ‘गना’ होतं. ‘मी आता जेवणार’ या अर्थानं ‘गना’ चालतं. पण ‘मी पुण्याला चाललोय’ म्हणताना कुणीही ‘आय अॅम गना पुणे’ म्हणत नाही. कारण तिथे पाय अजून शाबूत आहेत.

मराठीतला ‘जा’ही काही कमी नाही. ‘लाईट गेली’ म्हणतो तेव्हा ती कुठे जाते? ‘मी वही विसरून गेलो’ म्हणणारा मुलगा वर्गात बाकावरच तर बसलेला असतो. ‘शर्टाचा रंग गेला’, ‘दिवस फुकट गेला’, ‘आंबा खाल्ला गेला’. यातला शेवटचा तर कमाल आहे. आंबा बिचारा आपल्या पायांनी कुठेच गेला नाही. पण ‘गेला’ म्हटलं की खाणारा कोण ते सांगावं लागत नाही! कोण खातं, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे, आणि तो ठोकळ्यांचे मनोरे करतो.

पायवाटेवर गवत उगवत नाही

“पण मामा, तू अजून सांगितलंच नाहीस. त्यांनी ‘गोड’ का नाही केलं? पाचशे वर्षं होती की!”

याचं उत्तर शोधायला काही गणिती लोक कामाला लागले होते. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले एरेझ लिबरमन, जाँ-बाप्तिस्त मिशेल आणि त्यांचे सोबती. २००७ मध्ये त्यांचा लेख ‘नेचर’ या प्रसिद्ध विज्ञानपत्रिकेत आला. त्यांनी जुन्या इंग्रजीतली १७७ वाकडी क्रियापदं निवडली. वाकडी म्हणजे ‘ड’ न जोडता भूतकाळ करणारी. त्यातली मधल्या काळापर्यंत किती वाकडी राहिली? १४५. आणि आज? फक्त ९८. बाकीची सगळी हळूहळू सरळ झाली. ‘हेल्प’चा भूतकाळ एकेकाळी ‘होल्प’ होता. आज तो मुकाट्यानं ‘हेल्प्ड’ होतो.

मग कोण सरळ झालं आणि कोण वाकडं राहिलं? त्यांना एक सुंदर नियम सापडला. जे क्रियापद कमी वापरलं जातं, ते लवकर सरळ होतं. एखादं क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभर पटीनं कमी वापरात असेल, तर ते दहा पट वेगानं सरळ होतं. आणि इंग्रजीतली सगळ्यात जास्त वापरातली दहा क्रियापदं घेतली तर दहाच्या दहा वाकडी आहेत! बी, हॅव, डू, गो, से, कॅन, विल, सी, टेक, गेट. लवकरच सरळ होईल असं एक क्रियापदही त्यांनी सांगून ठेवलंय. ते म्हणजे ‘वेड’. मराठीतलं वेड नव्हे, इंग्रजीतलं. म्हणजे लग्न करणं.

हे असं का होत असेल? पायवाट आठवा. रोज ज्या वाटेवर पाय पडतात, तिथे गवत उगवत नाही. वाट वाकडी असली तरी ती तशीच राहते, कारण सगळ्यांच्या पायांना ती पाठ असते. ज्या वाटेनं महिनोन् महिने कुणी जात नाही, तिच्यावर गवत माजतं. मग एखाद्या दिवशी कुणाला तिकडे जायचं झालं तर जुनी वळणं दिसत नाहीत, आणि तो नाकासमोर सरळ चालायला लागतो. ‘वेंट’ हा शब्द इंग्रज माणूस दिवसातून किती वेळा तरी ऐकतो. तो विसरेल कसा?

मराठीत तर हे आत्ता, तुमच्या डोळ्यांसमोर चाललंय. पुस्तकात ‘म्हटलं’ असतं, पण कितीतरी लोक सहज ‘म्हणलं’ म्हणतात. ‘प्यायलं’च्या जागी ‘पिलं’ ऐकू येतं. कुणी हसतं, कुणी दुरुस्त करतं. पण एक लक्षात घ्या, ‘होल्प’ सोडून ‘हेल्प्ड’ म्हणणारी पहिली माणसंही त्या वेळच्या आजीच्या कानाला अशीच खटकली असणार.

आता सईच्या चुकीकडे येऊ. इंग्रजी घरातली मुलं दोन-अडीच वर्षांची असताना बरोबर ‘वेंट’ म्हणतात. मग थोडी मोठी झाली की ‘गोड’ म्हणायला लागतात! आणि पुढे पुन्हा ‘वेंट’वर येतात. मधेच बुद्धी कमी झाली की काय? उलट! आधी ती पोपटासारखं ऐकलेलं म्हणत होती. मग त्यांना नियम सापडला, कुणी न शिकवता, आपला आपण. नवा नियम हाती आला की तो सगळीकडे लावून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ओमचं ‘करला’ही तसंच. मर – मेला, कर – केला ही वाकडी रूपं सोडून त्यानं बस – बसला, पड – पडला यांच्यातला नियम बरोबर हुडकला होता.

अमेरिकेतल्या जीन बर्को या बाईंनी १९५८ मध्ये याची फार गमतीदार परीक्षा घेतली. जगात कुठेच नाहीत असे शब्द त्यांनी बनवले आणि चित्रं दाखवून मुलांना विचारलं, हा माणूस ‘ग्लिंग’ करतोय, काल त्यानं काय केलं? हा शब्द मुलांनी जन्मात ऐकलेला नव्हता. म्हणजे पाठांतराचा प्रश्नच नाही. तरी बहुतेक मुलं म्हणाली, ‘ग्लिंग्ड’. मोठी माणसं मात्र ‘सिंग – सँग’ आठवून ‘ग्लँग’ म्हणत बसली!

म्हणजे ‘गोड’ लिहिणारी मुलगी नियम विसरलेली नसते. तिला नियम इतका पक्का कळलेला असतो की अपवादाची तिनं अजून ओळख करून घ्यायची असते, एवढंच. सईनं पोस्टकार्डावर ‘गोड’ खोडलं नाही. शेजारी कंसात ‘वेंट’ लिहिलं आणि खाली एक पेढा काढला.

निघताना

सुट्टी संपली. सई आणि ओम पुण्याला निघाले. रिक्षा दारात उभी होती. ओम आजीच्या पाया पडला आणि म्हणाला, “आजी, मी जातो.”

“जातो म्हणू नये रे. येतो म्हणावं.”

सईनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे लुकलुकले. “मामा, म्हणजे आपण पण जाताना ‘कम’च म्हणतो!”

खरंच की. निरोप देताना इंग्रज पूर्वी ‘फेअरवेल’ म्हणायचा. त्यातल्या ‘फेअर’चा जुना अर्थ प्रवास करणं, म्हणून बसच्या भाड्यालाही ‘फेअर’ म्हणतात. नीट जा, असा तो निरोप. आपण मात्र पाठ फिरवतानाही ‘येतो’ म्हणतो. जाणं आणि येणं एकाच पावलाची दोन टोकं आहेत, हे आपल्या आज्यांना ग्रिम यांच्या नियमाशिवायच माहीत होतं.

आता तुमची पाळी, म्हणजे ‘युअर गो’. घरात दोन-तीन वर्षांचं कुणी असेल तर एक आठवडा त्याचं बोलणं कान देऊन ऐका. ‘करला’, ‘मरला’, ‘जाला’ असं काही ऐकू आलं तर लगेच दुरुस्त करू नका. आधी वहीत लिहून ठेवा. मग शोधा, त्यानं कुठला नियम लावला? आणि मोठ्या माणसांना विचारा, “तुमचं ‘केला’ असं वाकडं का?” बहुतेक जण म्हणतील, “असतं तसं.” तेव्हा त्यांना ‘गो’ची आणि उसन्या सदऱ्याची गोष्ट सांगा.

बरंय तर मग. येतो हं!